दुखणं हाडांचं, मूळ गळ्यात

मैत्रिणींनो, ‘वय झालं, हाडं कुरकुरणारच’ असं आपण किती सहज म्हणतो, नाही? माझ्या जाऊबाईंना दोनदा मुतखडा झाला, मग साधं घसरल्याचं निमित्त होऊन मनगट मोडलं. रक्तात कॅल्शियम मात्र चक्क जास्त निघालं! गळ्यात थायरॉइडच्या मागे मसुराएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. एखादी वाढून अतोनात पाझरू लागली, की हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं. दागिने मोडून रोजचा खर्च चालवावा, तसंच की! हाडं ठिसूळ होतात. अशा वेळी आपल्या मनानं कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ नका बाई. डॉक्टरांना विचारून रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच एकत्रच तपासून घ्या. जाऊबाईंची वाढलेली ग्रंथी शस्त्रक्रिया करून काढली. हाडं भरून यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर भरलेली कळशी मीच उचलते.