रकाना क्रमांक सात : हो / नाही

आपल्या हॉस्टेलवर आजाराची कुणाला लाज वाटत नाही. एखाद्याला कावीळ झाली की अख्खा मजला पथ्य सांगायला जमा होतो. डेंग्यू झाला तर कुणीतरी रात्री अकरा वाजतासुद्धा पपईची पानं शोधून आणतो. पण एक आजार असा आहे की तो झाला, तर माणूस "घरी जरा काम निघालंय" असं सांगून गुपचूप गावाला निघून जातो. त्याचं नाव डिप्रेशन, मराठीत नैराश्य.

मला ते डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला झालं होतं. नऊ महिने गोळ्या आणि दर महिन्याला मिरजेला डॉक्टरांकडे फेरी. मग डॉक्टरांनीच हळूहळू गोळ्या कमी करत बंद केल्या.

आज हे सगळं छापायला देण्याचं कारण वेगळं आहे. या सेमिस्टरला आमच्या विंगमधला एकजण रात्र रात्र जागा असायचा. मेसला येणं बंद, सबमिशन बंद, फोन बंद. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाला, "नको रे. एकदा रेकॉर्ड झालं की संपलं. पुढे कर्ज, विमा, सगळीकडे विचारतात." विम्याच्या त्या प्रश्नातून मी स्वतः गेलोय. त्याला जे तोंडी सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण तसा विचार करणारा तो एकटाच नसणार.

थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेताना मी शैक्षणिक कर्ज काढलं. सहकर्जदार म्हणून अण्णांची सही. आमची जमीन दोन एकर, त्यात ऊस. कर्ज फेडण्याआधी माझं काही बरंवाईट झालं, तर राहिलेला सगळा बोजा अण्णांवर. म्हणून कर्जाएवढा माझ्या नावाचा आयुर्विमा घ्यायचं ठरलं. अण्णांच्या ओळखीचे एक एजंट काका घरी आले. नाव, जन्मतारीख, उंची, वजन, सगळं भराभर झालं. सातव्या रकान्याशी माझं पेन थांबलं. नैराश्य, चिंता किंवा इतर कोणत्याही मानसिक विकारासाठी कधी सल्ला अथवा उपचार घेतले आहेत का? हो / नाही.

काका म्हणाले, "टाक 'नाही'. तुझ्याकडे बघून कोण म्हणेल? उगाच केस अडकायची. आणि पोरा, गावात बातमी फुटली तर?"

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा तंबाखू मळत होते. म्हणाले, "दवाखान्यात मीच घेऊन गेलो होतो त्याला. तिथं सगळ्यांसमोर रांगेत बसलोय. आता कागदापासून काय लपवायचं? लिही 'हो'."

मी 'हो' लिहिलं.

आता काकांचा सल्ला चुकीचा का, ते जरा नीट बघू. विमा हा आपल्या पाइपलाइनसारखा दिसणारा नसलेला, नुसत्या शब्दावर चाललेला करार आहे. माझ्या शरीरात नि मनात काय चाललंय ते मला माहीत, कंपनीला नाही. म्हणून विचारलेलं खरं सांगायचं, हा या कराराचा पाया. आपल्याकडच्या विमा कायद्याचं (१९३८) कलम ४५ इथे फार महत्त्वाचं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर नियम असा की पॉलिसी सुरू होऊन ३ वर्षं झाली की कंपनी ती कोणत्याही कारणावरून नाकारू शकत नाही. पण त्या ३ वर्षांच्या आत महत्त्वाची माहिती खोटी दिली किंवा लपवली असं दिसलं, तर नाकारू शकते.

यावर काही हुशार लोक म्हणतात, "मग ३ वर्षं गप्प बसायचं!" अरे पण अपघात काय कॅलेंडर बघून होतो का? समजा दुसऱ्याच वर्षी बाईकवरून गेलो. अण्णा नॉमिनी. क्लेमचे कागद घेऊन ऑफिसच्या काउंटरवर उभे आहेत, आणि समोरचा माणूस मिरजेच्या दवाखान्याची फाईल काढून विचारतोय, "हे फॉर्ममध्ये का नाही?" मृत्यूचं कारण भलतंच असलं तरी वाद उभा राहू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली अशाच एका प्रकरणात क्लेम नाकारणाऱ्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तिथे तर लपवलेली गोष्ट आजारसुद्धा नव्हती, आधी काढलेली दुसरी पॉलिसी होती. म्हणजे 'नाही' लिहून मी कंपनीला फसवलं नसतं. जो माणूस मला हात धरून दवाखान्यात घेऊन गेला, त्यालाच उत्तर द्यायला पुढे उभं केलं असतं.

बरं, 'हो' लिहिल्यावर काय झालं? आकाश कोसळलं नाही. कंपनीने आणखी एक प्रश्नावली पाठवली. आजार कधी निदान झाला, कोणत्या गोळ्या, किती डोस, कधी बंद झाल्या, दवाखान्यात भरती व्हावं लागलं का, स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न झाला का, शिक्षणात खंड पडला का, दारूचं व्यसन आहे का. डॉक्टरांचा दाखला जोडायला सांगितला. डॉक्टरांनी पानभर लिहून दिलं : उपचार नियमित घेतले, सुधारणा चांगली, सध्या औषध चालू नाही.

अशा अर्जाला साधारण चार प्रकारची उत्तरं येतात. एक, नेहमीच्या हप्त्यात मंजूर. दोन, वाढीव हप्त्याने मंजूर. तीन, सध्या थांबा, काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करा. चार, नामंजूर. नुकताच आजार झाला असेल किंवा उपचार चालू असतील तर तिसरं उत्तर येण्याची शक्यता जास्त. माझं दुसरं आलं. हप्ता मूळच्या दीडपट. तो मान्य आहे का, असं पत्र आलं, आम्ही सही करून पाठवलं. पॉलिसी घरी आली.

राग आला का? आला. पाय मोडून बरा झालेल्या माझ्या मित्राला कुणी दीडपट मागितले नाहीत. इथे एक फरक मात्र माहीत असावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे आरोग्य विम्यात मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं. पण ते कलम बोलतं दवाखान्याच्या खर्चाच्या विम्याबद्दल. आयुर्विम्यात कंपनी जोखीम मोजून हप्ता ठरवते, तशी मधुमेहाला आणि तंबाखूलाही मोजते. मोजणी नेहमी न्यायाची असते असं मी म्हणणार नाही. नऊ महिने नेमाने औषध घेऊन बरा झालेला पोरगा आणि कधीच डॉक्टरकडे न गेलेला, आतून पोखरलेला पोरगा, यात दुसऱ्याला स्वस्तात विमा मिळतो, हे मला आजही पटत नाही. पण त्याचा उपाय खोटं लिहिणं नाही, आणि दवाखाना टाळणं तर मुळीच नाही.

आपण मेकॅनिकलवाले, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. प्रेशर व्हेसलच्या वेल्डमध्ये रेडिओग्राफीला क्रॅक दिसला. तो काढला, पुन्हा वेल्ड केलं, पुन्हा फिल्म घेतली, रिपोर्ट फाईलला लावला. असं व्हेसल आपण पास करतो. आणि ज्याची फिल्मच काढली नाही, नुसता वरून रंग मारलाय? त्याच्याजवळ उभं राहायला कुणाची छाती होईल? माझ्या डॉक्टरांचं ते एक पान म्हणजे माझा रिपेअर रिपोर्ट आहे. मित्राला ज्या 'रेकॉर्ड'ची भीती वाटत होती, त्याच रेकॉर्डने माझा अर्ज मंजूर करून दिला.

आता कामाच्या चार गोष्टी. उपचारांचे सगळे कागद, गोळ्यांच्या चिठ्ठ्यांसकट, एका फाईलला ठेवा. फॉर्म स्वतः वाचून भरा, एजंटला कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. भरलेल्या फॉर्मची प्रत पॉलिसीसोबत येते, ती तपासा. काही चुकीचं छापलं असेल तर लगेच लेखी कळवा. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परतही करता येते. एका कंपनीने नाही म्हटलं म्हणजे सगळ्यांनी नाही म्हटलं असं नसतं. मात्र पुढच्या फॉर्ममध्ये आधीचा नकार विचारतात, तोही खरा लिहायचा. आणि पुढे क्लेमवरून वाद झालाच, तर पुण्याला आणि मुंबईला विमा लोकपालाचं कार्यालय आहे, तिथे तक्रारीला फी लागत नाही. नोकरी लागल्यावर कंपनीचा ग्रुप विमा मिळाला, तर त्यात ठरावीक रकमेपर्यंत बहुतेक वेळा आरोग्याचे प्रश्नच नसतात. तो मिळतोय का, एचआरला विचारायला विसरू नका.

आणि स्टाफमधल्या सरांना, मॅडमना, रेक्टर सरांना एक विनंती. एखादा पोरगा लेक्चरला दिसेनासा झाला तर डिटेन्शन लिस्टच्या आधी त्याच्या खोलीचं दार एकदा वाजवा. रेकॉर्डची भीती बाहेर आहेच, निदान कॉलेजात तरी ती नसावी.

हप्त्याचा आकडा कर्जाची जोखीम सांगतो, आपली किंमत नाही. विमा आज नाही तर वर्षाने मिळेल, दीडपटीने मिळेल. झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, कशातच राम वाटत नसेल, तर ते मात्र वर्षाने नाही, याच आठवड्यात दाखवा. एकट्याने जायला नको वाटलं तर कुणाला तरी सोबत घ्या. तेही जमत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. सरकारने २०२२ साली सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, रात्री दोन वाजताही फोन लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि पुढे कधी फॉर्मवर तो रकाना आलाच, तर बिनधास्त 'हो' लिहा. बरं झालेल्या माणसालाच ते लिहायला मिळतं.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल