काचेतलं पाणी

दसऱ्याच्या आसपास घरी कारखान्याची पत्रिका यायची. वर ठळक अक्षरात ‘बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ’, खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, संचालक मंडळ, आणि अगदी तळाला ‘सर्व सभासद, ऊस उत्पादक, अधिकारी व कामगार’. त्या शेवटच्या शब्दात आमचे अण्णा असायचे.

समारंभ मोठा झोकात व्हायचा. एखादे संचालक जोडीनं पूजेला बसायचे. अध्यक्ष पेटता काकडा भट्टीच्या दारातून आत टाकायचे, टाळ्या पडायच्या, पेढे वाटले जायचे, फोटो निघायचा. फोटोत अण्णा कधीच नसत. लहानपणी मला त्याचा फार राग यायचा. सगळे खाली हार-तुऱ्यात गुंतलेले असताना ते वर, लोखंडी जिने चढून, ड्रमजवळच्या फळीवर उभे असायचे. काचेकडे बघत.

अण्णा मूळचे परतूर तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, मग कुणाच्या तरी ओळखीनं गोदाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात लागले. कारखान्याचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. आधी बगॅस ओढायला, मग वॉटरमन, मग फायरमन. पुढं परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंट झाले. सरकारी मराठीत बॉयलरला ‘बाष्पक’ म्हणतात. आमच्या चाळीत हा शब्द फक्त अण्णांच्या सर्टिफिकेटवर होता, आणि ते सर्टिफिकेट काचेच्या फ्रेमीत, मत्स्योदरी देवीच्या फोटोशेजारी. तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं होतं, “काचेत पाणी दिसत नाही, काय कराल?” अण्णा म्हणाले, “आधी विस्तव काढीन, पाण्याचं मागून बघू.” हा प्रश्न त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितला, की माझ्या धाकट्या बहिणीलाही उत्तर पाठ होतं.

वाचकाला यातलं काही माहीत नसेल म्हणून थोडं सांगतो. साखर कारखान्याची सगळी ताकद वाफेत असते. उसाचं चिपाड, म्हणजे बगॅस, जाळायचं, नळ्यांतलं पाणी उकळायचं, त्या वाफेवर मिल फिरते, वीज होते, रस आटतो. एक लिटर पाण्याची उघड्यावर वाफ झाली तर ती सोळाशे-सतराशे लिटर जागा मागते. आमच्या जुन्या बॉयलरचा दाब 21 किलोचा. त्या दाबाखाली पाणी 215 अंशांच्या आसपास जाऊनही पाणीच राहतं, दबून. ड्रम कुठं फाटला तर ते सगळं पाणी एका क्षणात वाफ व्हायला बघतं. म्हणून आत पाणी किती आहे हे बाहेरून दिसावं लागतं, आणि त्यासाठी ड्रमला दोन काचेच्या नळ्या असतात. एक नाही, दोन.

आता यातली खरी मेख. काचेत पाणी अर्ध्यावर असेल तर रेघ दिसते. पण काच पूर्ण भरलेली असो की पूर्ण रिकामी, दोन्ही सारख्याच दिसतात. पाण्याला रंग नाही, वाफेलाही नाही. अण्णा म्हणायचे, “डोळ्यावर इसंबू नये. खालचा कॉक उघडून पाह्यचं, पाणी येतंय का नुसती वाफ.” प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ते दोन्ही काचा अशा उडवून बघायचे. त्याला दोन मिनिटं लागतात. हीच दोन मिनिटं लोक वाचवतात.

तो 1993-94 चा हंगाम होता. मी दहावीला. जानेवारीतली थंडी, अण्णांची पाळी चार ते बारा. मी रात्री आठला डबा घेऊन गेलो होतो; गेटवरचा मामा ओळखीचा, सोडायचा. खाली भट्टीपाशी ऊब असायची म्हणून मी डबा देऊन रेंगाळायचो. वर फळीवर एक हंगामी पोरगा वॉटरमन म्हणून होता. त्याचा बदली आलाच नव्हता, म्हणून सकाळपासून दुसरी पाळी ओढत होता. मध्येच वीज गेली-आली झाली. फीड पंप बंद पडला, तो लगेच कुणाच्या लक्षात आला नाही. अण्णांनी खालून हाक दिली, “पाणी?” वरून आवाज आला, “फुल्ल हाये, अण्णा!”

अण्णा काही बोलले नाहीत. जिने चढले. मला खालून दिसलं ते एवढंच, की ते एका काचेपाशी वाकले, सुर्रर्र आवाज झाला, मग दुसऱ्या काचेपाशी वाकले, तसाच आवाज. कोरडा. मग ते असे ओरडले, की मी त्यांचा तसा आवाज आधी ऐकला नव्हता: “बगॅस बंद! पंखे बंद करा, पंखे!”

इंजिनिअर साहेब धावत आले. तोवर पंप चालू झाला होता. साहेब म्हणाले, “अहो पाणी आत्ताच गेलंय. सोडा हळूहळू.”

“नाही साहेब.”

“मिल उभी राहील. बाहेर गाड्या बघितल्या का किती आहेत?”

“पाणी नेमकं किती खाली गेलं ठाव नाही. नळ्या लाल झाल्या असल्या, अन् त्याच्यावर गार पाणी गेलं, तर आपण कोणी इथं राहात नाही.”

“जबाबदारी माझी.”

अण्णांचा हात व्हॉल्वच्या चाकावर होता. ते म्हणाले, “मग तेवढं लॉगबुकात लिहून द्या, साहेब. मी उघडतो.”

साहेबांनी लिहिलं नाही.

साखर कारखान्याच्या चाळीत राहिलेल्यांना माहीत असेल, तिथं हंगामात चार-पाच महिने एक घरघर कायम कानात असते. ती थांबली की माणसं झोपेतून उठतात. त्या रात्री घरघर थांबली आणि दिवेही गेले, कारण वीज कारखान्याचीच. सगळी चाळ अंगणात. मी अंधारातून घरी आलो तेव्हा आई दारात उभी होती. “काय झालं रे?” मी म्हणालो, “अण्णांनी बंद केला.” ते म्हणताना मला अभिमान वाटायला हवा होता. मला लाज वाटली. कारण येताना यार्डातून आलो होतो. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या बैलगाड्या लांबपर्यंत उभ्या होत्या, बैलांच्या माना जुवाखाली, बाया शेकोटीला पोरं घेऊन बसलेल्या, आणि एक जण म्हणत होता, “कोण्या दीडशहाण्यानं बंद केलाय कोणास ठाऊक.” त्यांचा तरी काय दोष? त्यांची खेप अडली होती, उसाचं वजन घटत होतं.

बॉयलर गार व्हायला वेळ दिला, मॅनहोल उघडलं, आत माणूस उतरवला. ड्रम ठीक. नळ्या सरळ. एकही फुगलेली नाही, वाकलेली नाही.

हेच अण्णांच्या अंगावर आलं. नळ्या वाकल्या असत्या तर कदाचित शाल-श्रीफळ मिळालं असतं. ‘नाहक गाळप बंद पाडून नुकसान’ असा मेमो आला आणि त्या वर्षीची पगारवाढ रोखली. पेंगलेल्या पोराला घरी पाठवलं. त्याला सोळा तास उभं कुणी केलं, हे मेमोत नव्हतं. आई एकदा जेवताना म्हणालीच, “सोडलं असतं पाणी तर काय झालं असतं?” अण्णा भाकरी मोडता मोडता म्हणाले, “काहीच झालं नसतं, कदाचित.” पुढं बोलले नाहीत. आईही नाही.

ते ‘कदाचित’ मला समजायला बरीच वर्षं गेली. मी शिक्षक झालो, वर्तमानपत्र बारकाईनं वाचायची सवय लागली. 1 नोव्हेंबर 2017 ला उत्तर प्रदेशात ऊंचाहारच्या वीज केंद्रात बॉयलरचा स्फोट झाला, तीसहून जास्त कामगार गेले. राखेचे गठ्ठे भट्टीच्या तळाशी साचले होते आणि युनिट चालू ठेवूनच ते काढायचं काम चाललं होतं, असं छापून आलं. ते मी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि एवढंच विचारलं, “बंद करा म्हणणारा कोणी नव्हता का तिथं?” मला वाटतं, असेल. लॉगबुकात लिहून द्या म्हणायची सोय त्याला नसेल.

आपल्याकडचा बॉयलरचा कायदासुद्धा माणसं मेल्यावरच आला. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून जीव गेले, मग बंगालनं पुढच्या वर्षी कायदा केला. साऱ्या देशाचा कायदा 1923 चा. अण्णांच्या सर्टिफिकेटवर तोच. आता 2025 मध्ये त्याच्या जागी नवा आला. कायद्यात तपासणी आहे, दाखला आहे, शिकलेला माणूस हवा हेही आहे. पण हंगामात रात्री साडेआठ वाजता कायदा फळीवर उभा नसतो. बदली न आलेला पोरगा असतो.

अण्णा निवृत्त होऊन गावी आले तरी ही खोड गेली नाही. घरात कुकर लावायचा म्हणजे झाकणाची शिट्टी आधी त्यांच्या हातात द्यायची. ते ती उजेडाकडे धरून भोकातून बघणार, फुंकर मारणार, मग परत देणार. माझी बायको नवी नवी होती तेव्हा वैतागायची. आता ती स्वतः उजेडाकडे धरून बघते.

माझे काही विद्यार्थी जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यांत लागले. तिथं बॉयलर नाही, भट्टी आहे. पण भंगारात तोंड बंद झालेला पाइप आला, आत पाणी राहिलं, आणि ते वितळत्या लोखंडात पडलं, तर गोष्ट तीच. पोरं भेटायला आली की अण्णा पगार विचारत नाहीत. “भंगार कोण निवडतंय तुमच्यात?” असं विचारतात. पोरं माझ्याकडे बघून हसतात.

मागच्या वर्षी जुन्या कारखान्याची पत्रिका आली. अण्णा म्हणाले, चल. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे गेलेले. जुना बॉयलर तिथं आता नाही, नवा मोठ्या दाबाचा आहे, काचेच्या केबिनीत बसून पोरं पडद्यावर सगळं बघतात. खाली पूजा चालली होती. अण्णांनी केबिनीतल्या पोराला विचारलं, “पाणी?”

“हे बघा ना आजोबा, स्क्रीनवर. पंचावन्न टक्के.”

“ते झालं. काच कुठंय?”

पोरगा चांगला होता, हसला नाही. लिफ्टनं वर घेऊन गेला. मी मागं. अण्णांनी कॉकला हात लावण्याआधी त्याच्याकडं बघितलं, त्यानं मान हलवली. खालचा कॉक उघडला तशी काचेतली रेघ खाली गेली, नळीतून पाणी वाहिलं. कॉक बंद केला. खालून टाळ्यांचा आवाज आला, काकडा आत पडला असावा. अण्णा काचेवरून नजर काढेनात. रेघ हळूहळू वर चढून मधोमध थांबली.

“आलं,” अण्णा म्हणाले. “आता दुसरी दाखव.”