दुसऱ्याचे कार्ड लिहिताना

गोल्फमध्ये एक जुना रिवाज आहे. स्पर्धेत आपल्या फटक्यांची नोंद जोडीदाराने ठेवायची आणि त्याच्या फटक्यांची आपण. खेळ संपला की कार्डांची अदलाबदल करून दोघांनी सह्या करायच्या. आम्ही दोघे केवळ हौसेखातर खेळत असूनही हा रिवाज कटाक्षाने पाळत असू. त्यामुळेच गेल्या वर्षी ऑक्टोबरमधल्या एका सकाळी काकांचे कार्ड माझ्या हातात होते. त्यावरचे सगळे आकडे मी अचूक लिहिले होते. त्या सकाळी माझ्या हातून काय निसटले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

काका म्हणजे माझे जुने रुग्ण, आता मित्रच. निवृत्त अभियंता, वय वर्षे चौऱ्याहत्तर. मी त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान. खारघरच्या डोंगरांच्या कुशीत सिडकोने उभारलेल्या गोल्फ मैदानावर आम्ही रविवारी पहाटे जातो. पावसाळ्यात जवळच पांडवकड्याचा धबधबा कोसळत असतो. दिवाळीच्या सुमारास डोंगर अजून हिरवे असतात आणि गवतावर दव असते. गोल्फ हा आपल्याकडे मूठभरांचा आणि खर्चिक खेळ, याची मला जाणीव आहे. परंतु इथे जे सांगायचे आहे ते कॅरम खेळणाऱ्यांना, बागेत फेऱ्या मोजणाऱ्यांना आणि घरी रोज साखर तपासणाऱ्यांनाही लागू पडावे, असे मला वाटते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडेसे. प्रत्येक होलसाठी काही फटके ठरवून दिलेले असतात. त्यांना ‘पार’ म्हणतात. नऊ होलांचे पार साधारणपणे छत्तीस असते. एक फटका जास्त लागला तर ‘बोगी’, दोन जास्त लागले तर ‘डबल बोगी’. कुशल खेळाडूने किती फटक्यांत होल पूर्ण करावा, त्यावरून पार ठरते. खेळणाऱ्याचे वय, गुडघे किंवा रक्तदाब यांची त्या आकड्याला काहीही कल्पना नसते.

काकांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होण्यापूर्वी ते नऊ होल पंचेचाळीस-शेहेचाळीस फटक्यांत संपवीत. शस्त्रक्रियेनंतर मात्र पन्नासच्या आत येणे त्यांना एकदाही जमले नव्हते. त्या सकाळी सहा होल झाले तेव्हा माझ्या हातातल्या कार्डावर बत्तीस फटके होते. सातव्याला सहा लागले. आठव्यावर त्यांनी लांबून पुट मारला आणि चेंडू अलगद होलमध्ये पडला. पाच. एकूण त्रेचाळीस. शेवटचा होल सहा फटक्यांत झाला असता तर एकोणपन्नास! मी कार्डावर आकडा लिहीत होतो. काका चेंडू काढण्यासाठी वाकले, सरळ उभे राहिले आणि क्षणभरात तोल जाऊन डाव्या हातावर कोसळले.

शुद्धीवर यायला त्यांना काही सेकंदच लागले. चेहरा पांढराफटक, अंगाला गार घाम. डावे मनगट विचित्र वाकलेले. त्यांचे पाय उंच करून मी नाडी पाहत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारले, “डॉक्टर, किती झाले?” नाडी किती झाली, असे ते विचारीत आहेत असे मला वाटले. ते स्कोअर विचारीत होते.

मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर. खाली मऊ गवत होते म्हणून एवढ्यावर निभावले. हेच त्यांच्या न्हाणीघरातल्या फरशीवर झाले असते तर कदाचित खुब्याचे हाड मोडले असते. आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने अनुभवले आहे त्या घराला सांगायला नको.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. बसलेले असताना त्यांचा रक्तदाब व्यवस्थित होता. मग त्यांना आधार देऊन उभे केले आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजला. वरचा आकडा एकशे सव्वीसवरून अठ्ठ्याण्णववर आला होता. उभे राहिल्यावर वरचा दाब वीस किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा दहा किंवा त्याहून अधिक उतरला, तर त्याची दखल घ्यावीच लागते. बैठकीतून किंवा अंथरुणातून उठताना वृद्धांना येणाऱ्या चक्करीचे हे एक नेहमीचे कारण आहे.

कारणेही हळूहळू उलगडत गेली. रक्तदाबासाठी मीच दिलेल्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते. दोन आठवड्यांपूर्वी त्यांना प्रोस्टेटसाठी एक नवी गोळी सुरू झाली होती. तीही उभे राहिल्यावर दाब उतरवू शकते. ती सुरू झाल्याचे मला माहीत नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. खेळताना लघवीला जावे लागू नये, मागून येणाऱ्या मंडळींचा खोळंबा होऊ नये, म्हणून पहाटेपासून ते पाण्याचा घोटही घेत नव्हते. वय वाढते तशी तहानेची जाणीव मुळातच मंदावते. त्यात ऑक्टोबरचे ऊन.

पण सर्वांत जिव्हारी लागले ते काकूंचे बोलणे. चहाचा कप पुढे करीत त्या म्हणाल्या, “दहा दिवस झाले, सकाळी उठताना त्यांना गरगरतंय. मी म्हटलं, डॉक्टरांना फोन करा. तर म्हणाले, सांगितलं तर ते खेळ बंद करतील. तू बोलायचं नाहीस.”

घरी परतताना मी मनाशी त्या सकाळची उजळणी करू लागलो. पाचव्या होलपासून काकांचा चेंडू नेहमीपेक्षा जवळ पडत होता. सहाव्यावर ते बॅगेला धरून बराच वेळ उभे राहिले होते. सातव्याच्या वाटेवर एरवी अखंड बोलणारा हा माणूस गप्प होता. हे सारे माझ्या डोळ्यांसमोर घडले होते आणि तीस वर्षे रुग्ण तपासणारा मी त्यांचे आकडे लिहिण्यात गुंतलो होतो. खरे सांगायचे तर एकोणपन्नासचा आकडा मलाही हवा होता. शिवाय माझ्या स्वतःच्या कार्डाची चिंता होतीच. गेल्या काही वर्षांत माझा फटका पंचवीस-तीस यार्डांनी आखूड झाला आहे, आणि त्याचे दुःख मी प्रत्येक रविवारी नव्याने करीत असे.

गंमत अशी की दवाखान्यात मी नेमका याच्या उलट उपदेश करतो. ऐंशीच्या घरातल्या आजी वही घेऊन येतात. त्यात सकाळ-संध्याकाळची साखर लाल-निळ्या शाईत टिपलेली असते. उपाशीपोटी एकशे चाळीस आली की त्या दिवशी पोळी बंद. मी त्यांना समजावतो की तरुण मधुमेहींसाठी ठरवलेली कडक मर्यादा प्रत्येक वृद्धाला लावायची नसते. अनेक व्याधी सोबत असतील तर तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीए१सीचा आकडा आठच्या आत असला तरी पुरेसा मानला जातो. कारण या वयात साखर अति उतरणे, त्यातून पडणे, हा धोका अधिक मोठा असतो. तीच गोष्ट दहा हजार पावलांची. हा आकडा लोकप्रिय झाला तो १९६५च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावामुळे. तो काही कोणत्या वैद्यकीय संशोधनाचा निष्कर्ष नव्हता. हे मी रुग्णांना हसत हसत सांगतो. मग मैदानावर छत्तीस हा आकडा मी वेदवाक्यासारखा का धरून बसलो होतो?

प्लास्टर निघेपर्यंतच्या काळात मी गोल्फविषयी बरेच वाचले आणि मला एक डॉक्टर भेटला. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड हे इंग्लंडमधले शल्यविशारद आणि उत्तम गोल्फपटू. लिव्हरपूलजवळच्या वॉलेसी क्लबात समुद्रावरून जोराचा वारा येई. एकदोन होल बिघडले की सामान्य खेळाडूंचा सगळा दिवस वाया जाई. यावर त्यांनी गुणांची निराळी पद्धत काढली आणि १९३२ साली त्या क्लबात तिची पहिली स्पर्धा झाली. तीत फटक्यांची बेरीज करायची नाही; प्रत्येक होलला गुण मिळवायचे. खेळाडूला त्याच्या कुवतीनुसार मिळणारी सवलत, म्हणजे हँडिकॅप, आधी वजा करायची. मग पारला दोन गुण, बोगीला एक, पारपेक्षा एक फटका कमी लागला तर तीन. डबल बोगी किंवा त्याहून वाईट झाले तर शून्य. पण शून्याच्या खाली काही नाही. गुण मिळण्याची आशा संपली की चेंडू उचलायचा आणि पुढच्या होलकडे चालू लागायचे.

वाईट होलची किंमत त्या होलपुरतीच राहते. वार्धक्यातल्या एखाद्या वाईट दिवसाकडेही असेच पाहता आले तर किती बरे, असे मला वाटून गेले.

प्रश्न उरला तो काकांना परत खेळू द्यावे का, हा. त्यांच्या मुलाचा परदेशातून फोन आला: “डॉक्टर, आता पुरे म्हणा त्यांना.” त्याची काळजी मला समजत होती. तरीही मी नाही म्हटले. पासष्टीनंतरही आठवड्यात किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नऊ होल चालून खेळले की चार-पाच किलोमीटर सहज होतात, तेही चढउताराच्या गवतावर आणि गप्पांच्या सोबतीने. स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख गोल्फ खेळणाऱ्यांच्या पाहणीत त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा चाळीस टक्क्यांनी कमी आढळले होते. त्याचे सारे श्रेय खेळाला देता येणार नाही, कारण मुळात धडधाकट माणसेच मैदानावर येतात. तरीही घरात बसवून ठेवलेल्या माणसाचे स्नायू किती झपाट्याने झिजतात, हे मी रोज पाहतो. आणि मुख्य म्हणजे, बंदीच्या धाकानेच काकांनी चक्कर लपवली होती. आणखी एक बंदी घातली असती तर पुढच्या वेळी त्यांनी आणखी काही लपवले असते.

म्हणून आम्ही बंदीऐवजी अटी ठरवल्या. दोन्ही औषधांचा एकत्र विचार करून मात्रा आणि वेळा बदलल्या. रक्तदाब बसून आणि उभ्याने, दोन्ही प्रकारे मोजायचा. निघण्यापूर्वी थोडी न्याहारी आणि पाणी. दर दोन होलांनंतर पुन्हा काही घोट. लघवीला थांबावे लागले तर मागच्यांना खुशाल पुढे जाऊ द्यायचे. चेंडू पुढच्या टीवरून मारायचा, म्हणजे अंतर कमी. होलमधला चेंडू वाकून काढायचा नाही; पटरच्या मुठीच्या टोकाला छोटी रबरी वाटी बसवून मिळते, तिने उभ्यानेच उचलायचा. ऊन चढले की कितीही होल उरलेले असोत, परत फिरायचे. आणि हिशेब डॉ. स्टेबलफर्ड यांच्या पद्धतीने.

घरोघरी वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना यातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आपल्या माणसाला कोणकोणती औषधे चालू आहेत याची एकच यादी करा आणि कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ती सोबत न्या. दुसरे, “चक्कर येते का?” असे विचारले की “नाही” हेच उत्तर मिळते. त्यापेक्षा ते अंथरुणातून उठताना, खुर्चीतून उभे राहताना लक्ष ठेवा. हात भिंतीकडे जातो का ते पाहा. आणि खरे सांगितले म्हणून त्यांची आवडती गोष्ट लगेच हिरावून घेतली जाणार नाही, एवढा विश्वास त्यांना द्या. हा विश्वास देण्यात मी स्वतः कमी पडलो होतो.

फेब्रुवारीपासून आम्ही पुन्हा जाऊ लागलो. पहिले काही रविवार मला गुणांची पद्धत पचली नाही. मनातल्या मनात जुनी बेरीज चालूच राही. आता ती बऱ्याच अंशी थांबली आहे. काकांचे कार्ड अजूनही मीच लिहितो, पण प्रत्येक आकड्याआधी मान वर करून त्यांच्याकडे पाहतो. कार्डाच्या कडेला पाण्यासाठी एक छोटी खूणही करतो.

मागच्या रविवारी त्यांचे सोळा गुण झाले. मैदानातून बाहेर पडताना ते हळूच म्हणाले, “जुन्या हिशेबानं बावन्न झाले, डॉक्टर.”

“मी मोजले नव्हते, काका.”

“मी मोजले होते,” ते मिस्कीलपणे म्हणाले. मग दोन पावले चालून थांबले. “आणि हो, सहाव्या होलवर मी बाकावर बसलो होतो ना? जरा गरगरल्यासारखं झालं होतं. दोन मिनिटांत गेलं. पण म्हटलं, तुम्हाला सांगावं.”

मी खिशातून कार्ड काढले आणि सहाव्या होलसमोर ते लिहून घेतले.