हळदीच्या गावात, कॅमेरा गळ्यात

वीकेंडला जोडून दोन रजा टाका आणि मराठवाड्याची गाडी पकडा. उतरायचं नांदेडला. तिथून वसमत साधारण ४० किलोमीटर. एसटी आहे, रेल्वेही आहे. फक्त रेल्वेच्या टाइमटेबलमध्ये ‘बसमत’ शोधायचं. गाव तेच!

ही हळदीची पेठ. हिंगोली जिल्ह्यातल्या या वसमत हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात, तर हळद काढणं, शिजवणं, उन्हात वाळत घालणं, ड्रममध्ये घासून पॉलिश करणं... सगळं बघायला मिळतं. वर लग्नसराईही सुरू! अशा वेळी एखाद्या मित्राच्या लग्नाला गळ्यात डीएसएलआर अडकवून गेलात, की ‘घरचे फोटोग्राफर’ म्हणून तुमची नेमणूक झालीच म्हणून समजा.

खरी परीक्षा हळदीच्या कार्यक्रमात. पिवळ्या कापडाचा मांडव, त्यातून झिरपणारं ऊन, पिवळ्या साड्या आणि नवरीच्या गालांवर हळद. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स इथे हमखास गांगरतो. रिझल्ट? अख्ख्या वऱ्हाडाला कावीळ! उपाय सोपा आहे. मांडवातच पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स सेट करा आणि रॉ फॉरमॅटमध्ये शूट करा. नाहीतर नवरीला दोन मिनिटं मांडवाबाहेर, भिंतीच्या सावलीत आणा.

पण हे तुम्हाला सांगणार कोण? मावशी म्हणणार, ‘लई भारी!’ मित्र म्हणणार, ‘एक नंबर!’ ऐकायला गोड, उपयोग शून्य. म्हणून प्रश्न बदला. आठशे फोटो दाखवू नका, दहाच निवडा. ‘कसे आलेत?’ विचारू नका. ‘यात सगळ्यात आधी काय दिसलं?’ असं विचारा. उत्तर ‘मागचा पंखा’ आलं, तर पुढच्या वेळी दोन पावलं सरकून उभं राहायचं, एवढं कळलं. आणि समोरचा बोलत असताना ‘अरे, लाइटच नव्हता’ हे पालुपद नको.

फीडबॅक द्यायची वेळ तुमच्यावर आली, तर ‘काहीतरी मिसिंग आहे’ म्हणून मोकळं होऊ नका. ‘दुपारच्या उन्हामुळे डोळ्यांखाली सावली पडलीय, चेहरा थोडा वळवला असता तर?’ हे कामाचं. नवरीच्या आईला तांत्रिक भाषा येत नसेल. पण अंतरपाट दूर झाला तेव्हा लेकीचा चेहरा टिपलाच नाही, हे ती बरोब्बर सांगेल. ते लिहून ठेवा. तो क्षण एकदाच येतो.

एक फीडबॅक मात्र जपून घ्यायचा. ‘जरा गोरी करून द्या ना!’ फिल्मच्या जमान्यात कोडॅकच्या ‘शर्ली कार्ड’वर गोऱ्या मॉडेलचा चेहरा असायचा आणि लॅबमध्ये त्यावरून प्रिंटचे रंग जुळवले जायचे. ती कार्डं गेली, फर्माईश राहिली. आता तर एक स्लायडर सरकवला की काम फत्ते. पण मांडवाचा पिवळा रंग गालावर चढतो, तो उजेडाचा दोष. तो जरूर काढा. सावळा रंग हा दोषच नाही, मग काढायचा कशाला? वीस वर्षांनी अल्बम उघडल्यावर त्या मुलीला स्वतःची ओळख पटायला हवी, एवढं तरी आपण बघू शकतो. मागणी घरच्यांची असेल, तर आधी नवरीलाच विचारा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तिचा साधा, एडिट न केलेला फोटो दाखवा.

दुसऱ्या दिवशी वेळ काढून वाळत घातलेल्या हळदीकडे जा. काम करणाऱ्यांचे पोर्ट्रेट काढायचे असतील तर आधी परवानगी घ्या, फोटो त्यांना दाखवा, नको म्हणाले तर डिलीट करा. मग औंढा नागनाथाचं दर्शन घ्या आणि परतीच्या बॅगेत अर्धा किलो हळद टाका. घरी पोचल्यावर निवडलेल्या दहा फोटोंच्या प्रिंट काढून वसमतला पाठवायला विसरू नका!