फूल, दोन पानं आणि पाचगाव

शुक्रवार, 17 जून 2016

पावसाचा अजून पत्ता नाही. ढग येतात, पन्हाळ्यावर टेकतात, पुढं निघून जातात.

काल इंग्लंडात जो कॉक्स या खासदारबाईंचा खून झाला. मजूर पक्षाच्या, वय 41. मतदारसंघातल्या लोकांना भेटायला गेल्या होत्या, तिथंच मारेकऱ्यानं गोळ्या घातल्या आणि भोसकलंही. ब्रिटननं युरोपीय संघात राहावं या मताच्या होत्या. त्यावर सार्वमत होणार आहे, त्याचा प्रचार दोन्ही बाजूंनी थांबवलाय. मतदान 23 तारखेला आहे.

रात्री भाच्याला बर्मिंगहॅमला फोन केला. सगळं ठीक आहे म्हणाला आणि जाता जाता सांगितलं, "मामा, मलापण मत आहे." म्हटलं, अरे, तुझा पासपोर्ट तर भारताचा. तर नियम असा, की राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक कायदेशीरपणे तिथं राहत असेल तर त्याला या सार्वमतात मत आहे. म्हणजे आपल्याला आहे, पाकिस्तान्याला आहे, नायजेरियाच्या माणसालाही आहे. त्याच्या शेजारी पोलंडची एक बाई दहा वर्षं राहते, कर भरते, तिला मात्र नाही. युरोपातल्यांपैकी फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या लोकांना. जिचं बिऱ्हाड या मतावर हलणार ती घरात बसून निकाल बघणार, आणि आमचा कोल्हापूरच्या राजारामपुरीत वाढलेला पोरगा ब्रिटननं कुठं राहावं ते ठरवणार. साम्राज्य बुडालं तरी त्याचं व्याज कुणाच्या ना कुणाच्या खात्यावर जमा होतच असतं.

रविवार, 19 जून

सकाळी मिसळ. टेबलावर युरोप कुणी काढला नाही, विषय हद्दवाढीचा. 1972 साली कोल्हापूरची नगरपालिका महापालिका झाली, त्यानंतर हद्द इंचभरही सरकलेली नाही. 66.82 चौरस किलोमीटर, त्यात 2011 च्या जनगणनेची साडेपाच लाख माणसं. शहर कधीच ओसंडून पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगावात आलंय. कागदावर मात्र आम्ही अजून गाव.

शहरातला एक मित्र तर्रीत पाव बुडवत म्हणाला, "तुम्ही पाचगाववाले केएमटीच्या बसनं फिरता, नोकरी शहरात, पोरं शहरातल्या शाळेत. घरफाळा म्हटलं की लगेच गाव आठवतंय व्हय?" त्यावर आमच्या गल्लीतल्या एकानं पातेलं आपटावं तसं उत्तर दिलं, "आधी तुमचे खड्डे बुजवा की. तुम्हालाच धड पाणी नाही, आम्हाला कुठलं देणार? आणि शेतीवर आरक्षण टाकलं तर आमचं वावर कोण सोडवून देणार, तुम्ही?"

दोघांचंही खरं आहे, म्हणूनच हे भांडण मिटत नाही. मी स्वतः गावानं हद्दीत जावं या मताचा. पाचगावात पंधरा वर्षं काढली, टँकरची वाट बघितली, गल्लीत हे मत उघड बोलायची मात्र सोय नाही. आज गल्लीतल्यानं मलाच विचारलं, "काका, तुमचं काय?" मी मिसळीत लिंबू पिळत राहिलो.

सोमवार, 20 जून

मंगळवार पेठेत काकूंकडे. काकू मूळच्या पेडण्याच्या, गोव्याच्या. मी ब्रिटनच्या सार्वमताचं सांगायला लागलो तर म्हणाल्या, "मला काय सांगतोस? मी दिलंय असलं मत."

मला हे माहीतच नव्हतं. 16 जानेवारी 1967. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, यावर सार्वमत. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहायची खूण दोन पानं. काकू तेव्हा नुकत्या मतदानाच्या वयाला आलेल्या, तेव्हा ते एकवीस होतं. मत फुलाला. त्यांच्या घरात सगळे भाऊसाहेब बांदोडकरांचे. भाऊसाहेबांनी सार्वमत नीट व्हावं म्हणून मुख्यमंत्रिपद सोडलं होतं, हे काकू अजून घरातल्या माणसाचं सांगावं तसं सांगतात.

"मग भांडणं कशावरून व्हायची?"

"कशावरून नाही? मराठी की कोकणी, इथून सुरुवात. मग भाटकार-मुंडकार, म्हणजे जमीनमालक आणि त्याच्या जागेत राहणारे. तुमच्या महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी, मग फेणीचं काय, माडी काढणाऱ्यांनी खायचं काय? नोकऱ्या घाटावरचे नेणार का? एकाच चिठ्ठीवर दहा भांडणं, आणि शिक्का एकच."

निकाल मी घरी येऊन पुस्तकात बघितला. दोन पानांना 1,72,191, फुलाला 1,38,170. फरक 34,021. आणि गंमत पुढं आहे. दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण हरलेल्या बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. म्हणजे लोकांना भाऊसाहेब हवे होते, त्यांचा तो एक प्रश्न तेवढा नको होता. नेहमीच्या निवडणुकीत हे कधी कळलंच नसतं. सार्वमताच्या बाजूनं मला एवढं एक बोलता येतं.

निघताना काकू म्हणाल्या, "गोव्याचं विलीनीकरण राहिलं, माझं त्याच वर्षी झालं." लग्न होऊन त्या 1967 च्या मे महिन्यात कोल्हापुरात आल्या.

बुधवार, 22 जून

गोकुळ शिरगावला कामावर. मी हिशेब बघतो त्या मशीनशॉपचं एक बिल पौंडात निघतं, बाकी सगळी रुपयात. मालकांनी विचारलं, "ते बाहेर पडतील काय हो?" म्हटलं, नाही पडणार. 1975 साली याच प्रश्नावर दोन तृतीयांश लोकांनी राहायचं म्हटलं होतं. माझ्या अंदाजावर मालकांनी चहा मागवला.

शुक्रवार, 24 जून

पहाटे साडेचारला उठलो. त्यांची मतदान केंद्रं रात्री दहाला बंद झाली, तेव्हा आपल्याकडे अडीच वाजले होते. संडरलंडचा निकाल आला आणि पौंड घसरायला लागला. नऊच्या सुमाराला बीबीसीनं सांगून टाकलं, ब्रिटन बाहेर. 51.9 विरुद्ध 48.1. स्कॉटलंडनं 62 टक्क्यांनी राहायचं म्हटलंय, लंडननंही राहायचंच. बर्मिंगहॅम बाहेर पडायच्या बाजूनं, तेही 50.4 टक्क्यांनी, म्हणजे दहा लाखांच्या शहरात तीन-चार हजारांचा फरक. टक्क्यांत मोजलं तर कोल्हापुरात नगरसेवकही याहून मोठ्या फरकानं पडतात.

दुपारी जेवताना पंतप्रधान कॅमेरून राजीनामा जाहीर करताना दिसले. काल शंभराच्या घरात असलेला पौंड नव्वदीच्या सुरुवातीला आला. डॉलरच्या तुलनेत 1985 नंतरचा नीचांक. आपला सेन्सेक्स मध्ये हजारावर पडून 605 अंकांनी खाली बंद झाला. मालकांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. आज चहा नाही.

बाहेर पडलो तर आठवड्याला 35 कोटी पौंड वाचतील, ते दवाखान्यांवर खर्च करू, असं एका लाल बसवर रंगवून ती देशभर फिरवली होती. आज सकाळीच टीव्हीवर बाहेर पडायच्या बाजूचे पुढारी नायजेल फराज यांनी तो दावा चूक होता असं म्हटलं. ती बस त्यांच्या गटाची नव्हती हे खरं. पण मतपेट्या उघडल्यावर चूक मान्य करायला कुणाच्या बापाचं काय जातं?

शनिवार, 25 जून

रात्री भाच्याचा फोन. बराच वेळ पावसापाण्याचं बोलला. मग मीच विचारलं, "तू काय केलंस?"

"बाहेर."

मी गप्प. तोच सांगत सुटला. ताईला सहा महिन्यांसाठी बोलवायचं तर बँकेचं स्टेटमेंट, घराचे कागद, परत जाणार याचा पुरावा. कायमचं आणायचं तर 2012 पासून दार जवळजवळ बंद. शेजारच्या पोलिश बाईची आई तर पिशवी घेऊन विमानात बसते आणि येते. "मामा, युरोपचे लोक कमी आले तर आपल्यावरची बंधनं सैल होतील, असं इथले मंत्रीच सांगत होते. प्रीती पटेल तर म्हणाल्या, करीच्या हॉटेलांना आपले आचारी आणता येतील." म्हणजे पोरानं आईच्या व्हिसाला मत दिलं. चिठ्ठीवर आईच्या व्हिसाचा प्रश्न कुठंच नव्हता.

काकूंचं आठवलं. एकाच चिठ्ठीवर दहा भांडणं.

रागावणार होतो. पण पाचगावात उद्या चिठ्ठी वाटली, तर मीही शहराच्या विकासाला नाही, नळाच्या पाण्यालाच मत देणार. माझा गल्लीवाला घरफाळ्याच्या विरुद्ध देईल. दोघांची मतं हद्दवाढीची म्हणून मोजली जातील.

रविवार, 26 जून

शाहू जयंती. दसरा चौकात पुतळ्याला हार, शाळांच्या मिरवणुका, अखेर बारीक पाऊसही. महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते, केंब्रिजनं त्यांना एलएल.डी. दिली, हे एका भाषणात ऐकलं आणि नकळत हसू आलं. आज तिकडं जायचं तर महाराजांनाही बँकेचं स्टेटमेंट लागलं असतं.

पुतळ्यासमोर उभं राहून मोजलं, आम्हाला आजवर कशाकशाबद्दल विचारलं. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, मतपेटी कुणी मांडली नाही. 1956 ला निपाणी आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेली, तिथल्या मराठी माणसाला कुणी विचारलं नाही. तो बिचारा तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतोय, आणि 2004 पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. हद्दवाढीचं तर ग्रामसभेनं ठराव करायचा आणि मुंबईला मंत्रालयात ठरायचं. भाच्याला परक्या देशाचं मत मिळालं, मला माझ्या गल्लीचं नाही.

विचारायला हवंच, पण एका शिक्क्यावर भागवू नये. घरफाळा किती वर्षांत किती वाढणार, पाणी कुठून येणार, शेतीवर आरक्षण पडणार की नाही, हे आधी लिहून द्या, मग चिठ्ठी वाटा. संध्याकाळी गल्लीतल्याला हे बोललो आणि त्याच दमात सांगून टाकलं, मी आत जायच्या बाजूचा आहे. तो म्हणाला, "ठाऊक होतं काका. लिंबू लई पिळलासा त्या दिवशी."

गुरुवार, 30 जून

पाऊस लागलाय. पौंड नव्वदच्या आसपास. ताईच्या इथल्या फ्लॅटचा हप्ता भाचा भरतो, महिन्याला चाळीस हजार. गेल्या महिन्यात त्याला त्यासाठी चारशे चार पौंड लागले होते. पाच तारखेच्या हप्त्याला चारशे चव्वेचाळीस लागतील.