परवान्याचा माग

बंद पडलेल्या मद्यालयांचा इतिहास लिहिणाऱ्या इंग्लंडमधील अभ्यासकाला समुद्रकाठच्या लहानशा गावातही बरीच सामग्री आयती मिळते. मालकांची नावे वर्षवार नोंदवणाऱ्या जुन्या व्यापारी सूची असतात, आणि इमारत पडली तरी मद्यालयाचे नाव गल्लीला चिकटून राहते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात असा आधार फारसा नाही. येथील बार कामगारांच्या बोलण्यात स्वतःच्या नावाने क्वचितच येतो. तो ‘गेटसमोरचा’, ‘फाट्यावरचा’ किंवा ‘अण्णांचा’ असतो, आणि गेट हलले की आठवणीतला पत्ताही हलतो. शिवाय मराठीत पिण्याला ‘बसणे’ म्हणण्याची रीत असल्याने विचारण्याची पद्धतही सांभाळावी लागते. ‘कुठे पीत होतात?’ या प्रश्नाला साफ नकार मिळतो, तर ‘कंपनी सुटल्यावर कुठे बसायचात?’ असे विचारले की टेबलांची मांडणी, चखण्याचे उकडलेले चणे आणि उधारीची वहीसुद्धा आठवते.

म्हणून येथे दुकानापेक्षा परवान्याचा माग काढणे अधिक फलदायी ठरते. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, आजही लागू असून त्याच्या दृष्टीने दारू पिणे हा बंदीला केलेला अपवाद आहे. पिणाऱ्याने स्वतःचा परवाना, म्हणजे परमिट, बाळगावे आणि परमिटधारकांसाठी मंजूर झालेल्या खोलीत बसून प्यावे, या कल्पनेतून ‘परमिट रूम’ हा शब्द रूढ झाला. (परमिट प्रत्यक्षात किती जणांच्या खिशात असते, हा प्रश्न संशोधकाने सौजन्याने टाळावा.) अशा खोलीच्या परवान्याला ‘एफएल-३’ आणि देशी दारूच्या किरकोळ दुकानाच्या परवान्याला ‘सीएल-३’ म्हणतात. देशी दारूची दुकाने आणि वाइन शॉप यांचे नवे परवाने देणे राज्याने १९७० च्या दशकात थांबवल्यामुळे जुन्या परवान्याला गाळ्याहून अधिक मोल आले, आणि गाळा सुटला तरी परवाना मंजुरी घेऊन दुसऱ्या जागी जाऊ लागला. तेव्हा एखादे दुकान लुप्त झाले असे लिहिण्यापूर्वी त्याचा क्रमांक राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नोंदींत पुढे कोणत्या पत्त्यावर उमटला, हे पाहणे भाग आहे.

या सावधगिरीची खरी कसोटी २०१७ मध्ये लागते. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील दारूविक्री बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी दिला, आणि १ एप्रिल २०१७ पासून तो चालू दुकानांनाही लागू झाला. त्याच्या आदल्याच दिवशी, २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटरवर आणण्यात आले होते. जुना मुंबई-पुणे रस्ता आणि पुणे-नाशिक रस्ता यांच्या कडेने वाढलेल्या या पट्ट्यात त्याचा अर्थ काय होतो, हे नकाशावर पट्टी ठेवली तरी कळते. पुढे ११ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने नगरपालिका हद्दीतील परवानाधारक दुकानांना हा आदेश लागू नसल्याचे स्पष्ट केले, तर ग्रामपंचायत हद्दीतील ठिकाणांबाबत निर्णय घेण्याची मुभा राज्यांना मिळण्यास २३ फेब्रुवारी २०१८ उजाडले. आता नाशिक रस्त्याने उत्तरेकडे गेल्यास मोशीपर्यंत महापालिका आहे, कारण ते गाव १९९७ मध्ये हद्दीत आले. इंद्रायणी ओलांडली की चिंबळी, कुरुळी या ग्रामपंचायती लागतात. आणि चाकणला २०१५ पासून नगरपरिषद आहे. परिणामी एकाच रस्त्यावर, काही किलोमीटरच्या अंतरात, बंद शटरचा कायदेशीर अर्थ दोनदा बदलतो, आणि त्या उन्हाळ्यातील कुलपाचे छायाचित्र एवढ्यावरून कोणताही बार कायमचा बंद झाला असे म्हणता येत नाही.

बार कोठे उघडले, हे मात्र कारखान्यांच्या तारखांवरून बरेचसे ताडता येते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. गिऱ्हाईक कोण होते, याचा धागा पगाराच्या तारखांत सापडतो. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानुसार एक हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्याने महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि मोठ्या कारखान्याने १० तारखेपर्यंत पगार द्यावयाचा असे. म्हणून एखाद्या बारची जुनी उधारीची वही हाती लागलीच, तर जमेच्या रकमा कोणत्या तारखांना दाटतात यावरून त्याचे गिऱ्हाईक लहान वर्कशॉपचे की मोठ्या कंपनीचे, याचा अंदाज बांधता येतो.

हातभट्टीची गोष्ट वेगळी. तिचा परवानाच नसल्याने तिच्याविषयी जे काही लिहून राहते ते पोलिसांच्या पंचनाम्यात, म्हणजे जप्त कॅन आणि गुळाच्या रसायनाच्या हिशेबात. तिचे ठिकाण, वेळ आणि किंमत सर्वांत अचूक सांगतात त्या तिच्यामुळे संसार सोसलेल्या स्त्रिया, आणि त्यांना न विचारता लिहिलेला इतिहास फक्त गिऱ्हाइकांचा होतो.

परवान्याची प्रत बहुधा गल्ल्यामागे, देवाच्या तसबिरीशेजारी, काचेत मढवून लावलेली असते. ज्यांच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या बंद पडलेल्या धंद्याची अशी चौकट पडून आहे, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी तिच्यावरील क्रमांक, पत्ता आणि नूतनीकरणाच्या तारखा तेवढ्या उतरवून ठेवाव्यात.