रिपोर्टमध्ये न आलेलं

मायक्रोस्कोपमधून एका वेळी एकच माणूस बघू शकतो. माझे बाबा तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये 30 वर्षं टेक्निशियन होते. रक्ताची स्लाइड लीशमन स्टेनने रंगवायची, 100 पांढऱ्या पेशी मोजायच्या, त्यात न्यूट्रोफिल किती, लिम्फोसाइट किती ते लिहायचं. रिपोर्टवर आकडे गेले. जे दिसलं ते त्यांच्याजवळच राहिलं. पुढे लॅबमध्ये पेशी मोजणारं मशीन आलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, माणसांची कामं मशीनला शिकवणं हाच माझा पगार. म्हणून हे जरा टोचतं.

लॅबमधला जुना मायक्रोस्कोप बाबांनी विकत घेतलाय. त्यातून मी फोनवर भरपूर फोटो काढले. ते गॅलरीत पडून आहेत, कुणी बघत नाही. मग इन्स्टॅक्स मिनी 9 आणला. एका पॅकमध्ये दहाच फोटो, आणि प्रत्येकाची प्रत एकच.

फ्लॅशवर काळी टेप लावली. व्ह्यूफाइंडर बाजूला असतो, त्यामुळे लेन्स आयपीसच्या बरोबर मध्यावर आणायला पुठ्ठ्याची नळी केली. उजेडाची डायल फिरवली तरी फरक पडेना. गणित केलं तेव्हा कळलं, 100च्या ऑब्जेक्टिव्हला आयपीसमधून येणारा झोत मिलिमीटरहूनही बारीक असतो; कॅमेऱ्याचं छिद्र कितीही लहान केलं तरी त्याहून मोठंच. मग उजेड दिव्यावरच कमीजास्त केला. फोकसचं बाबांनी सांगितलं, "लांबचं झाड बघतोयस असं समज, डोळा सैल सोड." कॅमेऱ्यालाही तेच हवं होतं, कारण त्याची लेन्स लांबचं बघायलाच बसवलेली.

दीड-दोन मिनिटांत पांढऱ्या कागदावर गुलाबी वर्तुळ उमटलं. तांबड्या पेशी मोहरीएवढ्या, मध्ये जांभळ्या केंद्रकाची एक मोठी. बाबांनी खालच्या पांढऱ्या पट्टीवर पेनने लिहिलं, 'न्यूट्रोफिल, 3 खंड'. आईने फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला.

"अहो, हे असं दिसायचं तुम्हाला? रोज?"

"रोज कुठलं. काही स्लाइडी फार सुंदर यायच्या."

30 वर्षांत हे वाक्य घरात कुणी ऐकलं नव्हतं.

पॅकमध्ये आता एकच फोटो उरलाय. बाबा दोन दिवस आमच्या तिघांच्या स्लाइडी सरकवून बघताहेत. अजून त्यांचं ठरत नाहीये.